मनोरा आणि त्याखालची जमीन

मंडी हाउसच्या चौकातून इंडिया गेटच्या षट्कोनाकडे जाणारा कोपर्निकस मार्ग फार लांब नाही. ब्रिटिशांच्या काळात तो लिटन रोड होता. मराठी माणसाला तो ठाऊक असतो महाराष्ट्र सदनाच्या जुन्या वास्तूमुळं. कस्तुरबा गांधी मार्गावर २०१३ मध्ये नवं सदन उभं राहिलं, तरी मंत्रालयाची फाइल घेऊन आलेला अधिकारी किंवा नाटकाच्या प्रयोगासाठी आलेली मंडळी यांच्या बोलण्यात जुनं सदन अजून येतं. याच रस्त्यावर कमानी सभागृह आहे. फरीदकोटच्या राजांचं निवासस्थानही इथंच होतं. त्या फरीदकोट हाउसमध्ये आता राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण बसतं. रस्त्याच्या इंडिया गेटकडच्या टोकाला संस्थानिकांच्या बैठ्या वाड्यांची, झाडांआड दडलेली दिल्ली दिसते. मंडी हाउसच्या टोकाला दूरदर्शन भवनाचे मजले आहेत आणि त्यामागे बाराखंबा रोडवरच्या कचेऱ्यांचे मनोरे. मुंबई आणि दिल्लीच्या उंच इमारतींची तुलना करणाऱ्या या पुस्तकाची प्रस्तावना मी इथून सुरू करतो आहे, कारण वाढू दिलेली जमीन आणि वाढू न दिलेली जमीन या दोन्ही इथं एका नजरेत मावतात.

मुंबईहून आलेला माणूस दिल्लीत दोन दिवस फिरला की म्हणतो, इथं नाव घ्यावी अशी एकही उंच इमारत नाही. दिल्लीकर उलट म्हणतो, तुमच्याकडे आकाश तरी कुठं उरलंय? दोघंही आपापल्या परीनं खरं बोलतात. पण हा वाद वर्षानुवर्षं त्याच दोन वाक्यांवर थांबतो. त्याच्या पुढं जायचं तर इमारतीच्या टोकाकडून नजर खाली आणावी लागते आणि विचारावं लागतं : ही जागा कोणाची होती, तिच्यावर किती बांधायचं हे कोणी ठरवलं, आणि आधी तिथं राहणाऱ्या, राबणाऱ्या माणसांचं काय झालं? मीटर आणि मजले ही या पुस्तकातली सर्वांत कमी महत्त्वाची माहिती आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो.

मीटरची स्पर्धा जगात जिथं सर्वांत जोरात झाली तिथलं उदाहरण बघा. शिकागोत १८८५ मध्ये विल्यम ल बॅरन जेनी यांनी होम इन्शुरन्स बिल्डिंग बांधली. ती मुळात दहाच मजल्यांची होती, पण तिचा भार धातूच्या सांगाड्यानं पेलला होता आणि पुढच्या सगळ्या मनोऱ्यांची वाट तिथून निघाली. मग न्यूयॉर्कनं ती स्पर्धा आपल्याकडे ओढली. क्रायस्लर बिल्डिंगच्या शिल्पकारानं ४० वॉल स्ट्रीटला मागं टाकण्यासाठी पोलादी सुळका इमारतीच्या आतच गुपचूप जुळवला आणि १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये तो अचानक वर काढला. दोन वर्षांच्या आत एम्पायर स्टेटनं तिलाही मागं टाकलं. १९७४ मध्ये शिकागोनं सीअर्स टॉवर उभारून मान परत मिळवला. त्याची रचना करणारे अभियंते फझलूर खान आपल्याच उपखंडातले, ढाक्याचे होते आणि त्यांनी बंगालमधल्या शिबपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिक्षण घेतलं होतं, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही, म्हणून इथं नोंदवतो. २०१३ मध्ये या दोन शहरांचा तंटा पुन्हा उभा राहिला. न्यूयॉर्कच्या नव्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या माथ्यावरचा दांडा हा इमारतीचा सुळका मानायचा की नुसती अँटेना? उंची मोजणाऱ्या जागतिक संस्थेच्या समितीनं शिकागोतच बसून निकाल दिला की तो सुळका आहे. त्या निकालानं न्यूयॉर्कची इमारत १,७७६ फुटांची ठरली आणि १,४५१ फुटांचा सीअर्स टॉवर मागं पडला.

या सगळ्या कथेत मला महत्त्वाचं वाटतं ते एक कमी गाजलेलं वर्ष : १९१६. मॅनहॅटनमध्ये इक्विटेबल बिल्डिंग सरळसोट वर गेली, तिची सावली आजूबाजूच्या रस्त्यांवर आणि घरांवर पडली, आणि लोकांच्या संतापातून १९१६ चा नियम आला. इमारत जसजशी वर जाईल तसतशी तिनं अंग आत घ्यावं, म्हणजे रस्त्यावर ऊन पोचेल. क्रायस्लर आणि एम्पायर स्टेट यांचा पायऱ्यापायऱ्यांनी निमुळता होत जाणारा जो आकार जगभर ओळखला जातो, तो या नियमातून आलेला आहे. ज्याला आपण शहराचा चेहरा म्हणतो, तो बऱ्याचदा कायद्याच्या एखाद्या कलमानं घडवलेला असतो. मुंबई आणि दिल्लीच्या बाबतीत हे न्यूयॉर्कपेक्षाही खरं आहे.

आपल्या दोन शहरांची उंचीची तुलना शतकाहून जुनी आहे. कुतुबमिनार साडेबहात्तर मीटरचा. ऐबकानं सुरू केलेला, इल्तुत्मिशानं चढवलेला, विजेनं पडझड झाल्यावर फिरोजशाह तुघलकानं दुरुस्त केलेला. १८७८ मध्ये मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर पुरा झाला तेव्हा तो सुमारे ८५ मीटर भरला. दिल्लीचा मिनार सत्तेनं उभारला होता. मुंबईच्या मनोऱ्यासाठी पैसे दिले ते कापसाच्या आणि शेअरच्या व्यापारातल्या प्रेमचंद रायचंद यांनी, आपल्या आईच्या नावानं. अमेरिकेतल्या यादवी युद्धानं तिथला कापूस थांबला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या पैशाचा तो मनोरा. हा कापूस लक्षात ठेवावा. दीडशे वर्षांनी मुंबईत सर्वांत उंच मनोरे उभे राहिले ते कापडगिरण्यांच्या जमिनींवर.

१९३१ हे वर्षही असंच जोडून बघण्यासारखं आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत नव्या दिल्लीचं उद्घाटन झालं आणि मे महिन्यात एम्पायर स्टेट बिल्डिंग उघडली. एका ठिकाणी बाजारपेठेनं जमिनीच्या तुकड्यावर १०२ मजले चढवले. दुसऱ्या ठिकाणी साम्राज्यानं टेकडी निवडली, तिच्यावर एक घुमट ठेवला आणि आजूबाजूचं सगळं त्याच्या खाली राहील अशी आखणी केली. बडोद्याचे गायकवाड, हैदराबादचे निजाम, पतियाळा, जयपूर, बिकानेर असे एकाहून एक श्रीमंत संस्थानिक षट्कोनाभोवती आले. त्यांनी विस्तीर्ण वाडे बांधले, पण उंच कोणीच बांधले नाहीत. बडोदा हाउस आणि हैदराबाद हाउस तर नवी दिल्ली आखणाऱ्या खुद्द लट्येन्सनंच रेखले. या दिल्लीत मोठेपणा मोजला जाई तो घराभोवती किती मोकळी जागा आहे यावर. स्वातंत्र्यानंतर सत्ता बदलली, मोजमाप तेच राहिलं. आमचे मंत्री आणि न्यायाधीश त्याच बंगल्यांत राहायला गेले आणि १९८८ मध्ये या भागाभोवती लट्येन्स बंगला क्षेत्राची रेषा अधिकृतपणे आखली गेली. आज सुमारे अठ्ठावीस चौरस किलोमीटरचा हा मध्यवर्ती पट्टा झाडांचा आणि बैठ्या घरांचा आहे. त्यातली झाडं मला मनापासून प्रिय आहेत. पण देशाच्या राजधानीतल्या सर्वांत मोक्याच्या जमिनीवर इतकी थोडी माणसं राहतात, याची किंमत कोणी तरी शहराच्या कडेला, दोन-दोन तास बस-मेट्रोत बसून चुकवत असतं, हेही त्याच दमात म्हटलं पाहिजे.

आता या पुस्तकाच्या मुख्य पद्धतीविषयी. इमारती मी जोड्यांनी ठेवल्या आहेत, आणि शक्य तिथं जोडी एकाच वास्तुशिल्पकाराची निवडली आहे. त्यानं रचनाकाराच्या आवडीनिवडीचा, शैलीचा, कौशल्याचा फरक बाजूला पडतो. एकाच हातानं दोन शहरांत दोन वेगळ्या उंचीच्या गोष्टी का बांधल्या, एवढाच प्रश्न उरतो.

पहिली जोडी कोपर्निकस मार्गापासून हाकेच्या अंतरावर सुरू होते. मंडी हाउसजवळ तानसेन मार्गावर त्रिवेणी कला संगम आहे. साठच्या दशकात जोसेफ ॲलन स्टाइन या अमेरिकन वास्तुशिल्पकारानं ती रचली. जाळीच्या भिंती, उघडं रंगमंचासारखं अंगण, बसायला पायऱ्या, सगळं माणसाच्या मापाचं. लोदी इस्टेटमधलं इंडिया इंटरनॅशनल सेंटर त्यांचंच. झाडांच्या माथ्यावर डोकं काढू नये, ही दिल्लीतल्या स्टाइन यांची रीत. याच स्टाइन यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत नरिमन पॉइंटवर एक्स्प्रेस टॉवर्स बांधला. तो पंचवीस मजल्यांचा आहे. समुद्रात भराव घालून केलेल्या जमिनीवर, शेजारी एअर इंडियाची तेवीस मजली इमारत आणि ओबेरॉय हॉटेल. मरीन ड्राइव्हवरून रात्री दिसणाऱ्या मुंबईचं चित्र कित्येक वर्षं या तीन-चार इमारतींचंच होतं. हिंदी चित्रपटांनी ते देशभर नेलं. दिल्लीत झाडाखाली राहणारा माणूस मुंबईत येऊन पंचवीस मजले चढवतो, म्हणजे त्याचा स्वभाव पालटला असं नाही. जमिनीचा हिशेब पालटला.

ही जोडी इथंच संपत नाही. एक्स्प्रेस वृत्तपत्रसमूहाची दिल्लीतही इमारत आहे, बहादूरशाह जफर मार्गावर. तिथं जुन्या इमारतीशेजारी नव्या बांधकामाला आधीच्या सरकारनं वाढीव चटईक्षेत्र मंजूर केलं होतं. १९८० मध्ये केंद्रात सत्ता बदलली आणि त्याच बांधकामाला नियमबाह्य ठरवून जागेचा ताबा परत घेण्याच्या नोटिसा निघाल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९८५ मध्ये न्यायालयानं त्या नोटिसा रद्द केल्या आणि हा प्रश्न वृत्तपत्रस्वातंत्र्याचाही आहे, हे मान्य केलं. एकाच मालकाच्या दोन इमारती. मुंबईत पंचवीस मजल्यांचा मनोरा शहराचं भूषण ठरला, दिल्लीत त्याहून कितीतरी बुटक्या इमारतीच्या मजल्यांवरून थेट सरकारशी झगडा झाला. विधी महाविद्यालयांत हा खटला शिकवला जातो. वास्तुकलेच्या महाविद्यालयांतही तो शिकवावा असं मला वाटतं. जमीन सरकारची आणि तुम्ही भाडेपट्ट्यानं राहणारे, अशी जिथं व्यवस्था असते तिथं प्रत्येक मजला राजकीय असतो.

हबीब रहमान यांची जोडी वेगळी आहे. अमेरिकेत शिकून ते कलकत्त्याला परतले. तिथं न्यू सेक्रेटरिएट ही चौदा मजली, पोलादी सांगाड्याची सरकारी इमारत त्यांनी उभारली. त्या काळच्या हिंदुस्थानात तसं काही नव्हतं. नेहरूंनी त्यांना दिल्लीला आणलं. मंडी हाउसच्या चौकातलं रवींद्र भवन त्यांचं : साहित्य, ललित कला आणि संगीत नाटक या तिन्ही अकादम्यांचं घर, १९६१ चं. पहिला आराखडा नेहरूंना साध्या कचेरीसारखा वाटला म्हणून रहमान यांनी तो पुन्हा केला, आणि आज आपण बघतो ती पंख्यासारखी उघडणारी, खोल पडव्या असलेली इमारत जन्मली. मराठीचे किती लेखक साहित्य अकादमीचा पुरस्कार घेण्याच्या निमित्तानं त्या पायऱ्या चढले असतील! त्याच रहमान यांनी पुढं आयटीओजवळ विकास मिनार रेखला. कितीतरी वर्षं तो दिल्लीतल्या सर्वांत उंच इमारतींत मोडत होता.

विकास मिनारपाशी मला या तुलनेतली सर्वांत बोलकी गोष्ट सापडली. हा मिनार दिल्ली विकास प्राधिकरणाचा, म्हणजे डीडीएचा. जंतरमंतरसमोर कुलदीप सिंग यांनी रचलेला, महेंद्र राज यांच्या अभियांत्रिकीनं उभा असलेला, १९८४ चा पालिका केंद्राचा मनोरा हा नवी दिल्ली नगरपालिकेचा. आणि २०१० मध्ये या दोघांना मागं टाकणारा मिंटो रोडवरचा अठ्ठावीस मजली सिव्हिक सेंटर हा दिल्ली महानगरपालिकेचा. दिल्लीच्या मध्यावरच्या उंच इमारतींत ज्यांचं नाव प्रथम घ्यावं, त्या तिन्ही बांधकामाची परवानगी देणाऱ्या संस्थांच्या आहेत. इतरांना किती उंच बांधता येईल हे ज्या टेबलांवर ठरतं, ती टेबलं शहराच्या मध्यातल्या सर्वांत उंच मजल्यांवर आहेत. मुंबईत उलटं. महापालिकेची इमारत १८९३ ची, बोरीबंदरसमोरची दगडी. मंत्रालय १९५५ चं, काही मोजक्या मजल्यांचं. तिथं परवानगी देणारा खाली बसतो आणि परवानगी घेणारा वर जातो. दिल्लीत उंची शासनाची आणि मुंबईत धनाची, हे विधान ढोबळ आहे, पण या पुस्तकातल्या बहुतेक जोड्या त्याला दुजोरा देतात.

चार्ल्स कोरिआ यांची जोडी मात्र या विधानाला थोडा धक्का देते, म्हणून ती मी मुद्दाम घेतली. कंबाला हिलवरचं कांचनजंगा १९८३ चं. अठ्ठावीस मजले, चौऱ्याऐंशी मीटर, अवघी बत्तीस घरं. मुंबईत वारा पश्चिमेकडून येतो, समुद्रही तिकडंच. पण दुपारचं कडक ऊन आणि पावसाचा मारा यांचीही तीच बाजू. जुन्या बंगल्यांनी यावर व्हरांड्याचा उपाय काढला होता. कोरिआंनी तो व्हरांडा उचलून आकाशात नेला : कोपऱ्यात दोन मजली उंचीची गच्ची, तिच्यामागं सावलीत घर. लिफ्ट असलेला मधला काँक्रीटचा गाभा आधी वर चढवला गेला आणि मग त्याभोवती घरं आली. अभियंते होते शिरीष पटेल, केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल बांधणारे. दिल्लीत कॅनॉट प्लेसला कोरिआंनी १९८६ मध्ये आयुर्विमा महामंडळाचं जीवन भारती बांधलं. लाल दगड आणि काचेच्या त्या इमारतीत त्यांना कॅनॉट प्लेस रचणाऱ्या रसेलच्या दुमजली पांढऱ्या खांबांशी नातं जुळवायचं होतं, म्हणून ती आडवी पसरली, दोन भागांत फुटली आणि मधून वाट दिली. मला कांचनजंगा अधिक आवडतं. पण त्या बत्तीस घरांना जे वारं मिळालं ते नंतरच्या हजारो मजल्यांना का मिळालं नाही, हा प्रश्न मुंबईच्या प्रत्येक नव्या काचेच्या मनोऱ्याला विचारावासा वाटतो. व्हरांडा चटईक्षेत्रात मोजला जाऊ लागला की कोणी तो बांधत नाही. बांधला तर विकल्यावर काचेनं बंद करतात.

इथं दोन आक्षेप हमखास येतात. पहिला : दिल्ली भूकंपाच्या धोक्यामुळं बुटकी आहे. वर्षानुवर्षं वापरात असलेल्या नकाशात दिल्ली चौथ्या क्षेत्रात आणि मुंबई तिसऱ्या, हे बरोबर. पण नोएडा आणि गुरुग्रामही चौथ्याच क्षेत्रात आहेत, आणि तिथं चाळीस-चाळीस मजल्यांची रांग लागली आहे. यमुना ओलांडली म्हणून जमीन हलायची थांबत नाही. दुसरा आक्षेप : मुंबई बेट आहे, जागाच नाही, वर जाण्यावाचून इलाज नाही. त्याला उत्तर मुंबईच्याच तीन माणसांनी साठच्या दशकात दिलं होतं. कोरिआ, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी नरिमन पॉइंटला भराव घालून गर्दी वाढवण्याऐवजी खाडीपलीकडे नवं शहर वसवा असा आराखडा मांडला. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, नवी मुंबई झालीही. पण राज्य सरकारची कचेरी आणि मोठ्या कंपन्या नरिमन पॉइंटलाच राहिल्या, भराव पडतच गेला. जागा नव्हती हे कारण नव्हे. कुठं जायचं हे ठरवणाऱ्यांनी जायचं नाही असं ठरवलं.

आणि मग गिरणगाव. या प्रकरणाला पुस्तकात सर्वांत जास्त पानं दिली आहेत.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार त्यात उतरले. तो संप औपचारिकपणे कधी मागं घेतलाच गेला नाही. गिरण्या मात्र एकेक करून बंद होत गेल्या. लालबाग, परळ, वरळी, लोअर परळ, दादर इथली सुमारे सहाशे एकर जमीन शहराच्या मधोमध मोकळी व्हायच्या वाटेवर आली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमानं या जमिनीचे ढोबळमानानं तीन वाटे सांगितले : एक शहराला मैदानं-बागांसाठी, एक म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी, एक मालकाला. कोरिआंच्याच अध्यक्षतेखालच्या समितीनं १९९६ मध्ये या जमिनींचा एकत्रित विचार करायला सांगितलं. आणि २००१ मध्ये नियम बदलला. वाटे करायचे ते फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीचे, असं ठरलं. गिरणीत शेड सोडून मोकळी जमीन असते ती किती? शहराचा आणि म्हाडाचा वाटा आटून गेला. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं हा बदल रोखला, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो मान्य केला. मुंबईच्या आजच्या आकाशरेषेवर एखाद्या वास्तुशिल्पकाराची सही शोधायची असेल तर व्यर्थ आहे. सही त्या २००१ च्या अधिसूचनेवर आहे.

श्रीनिवास मिलच्या जागेवर वर्ल्ड वन उभा आहे. तो ४४२ मीटर होणार अशी घोषणा झाली होती. विमानांच्या मार्गामुळं विमानतळ प्राधिकरणाची परवानगी मिळाली नाही आणि तो २८० मीटरवर थांबला. वरळीत श्रीराम मिलच्या जागेवर पॅले रोयाल ३२० मीटरवर गेला. ताडदेवच्या एम. पी. मिल कंपाउंडमध्ये झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतून हफीझ कॉन्ट्रॅक्टर यांचे इम्पीरियलचे जुळे मनोरे आले, साठ-साठ मजल्यांचे; मूळ झोपडीधारकांच्या पुनर्वसनाच्या इमारती त्याच आवारात, त्यांच्या पायाशी. एकाच जागेवर, एकाच योजनेत, एका बाजूला समुद्रदर्शन आणि दुसऱ्या बाजूला दोन इमारतींच्या फटीतून येणारा उजेड. मनोऱ्याचं छायाचित्र काढताना हा खालचा भाग चौकटीबाहेर ठेवला जातो. या पुस्तकात तो चौकटीत आहे.

गिरणी कामगारांना घरं द्यायचं ठरलं तेव्हा अर्ज आले ते दीड लाखाच्या घरात. सोडती निघाल्या, काही हजारांना घरं मिळाली. बाकीचे अर्जदार म्हातारे झाले, अनेक गेले, वारसांनी कागद पुढं चालवले. माझगाव ते वरळी या पट्ट्यात राहिलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबात हे कागद कुणाच्या तरी ट्रंकेत आहेत. मुंबईच्या मनोऱ्यांविषयी मराठीत लिहिताना अलिप्त राहणं मला शक्य झालेलं नाही, आणि मी तसा प्रयत्नही केलेला नाही.

दिल्लीच्या बाजूचं दुःख दुसऱ्या जातीचं आहे. १९५७ च्या कायद्यानं डीडीए आली, शहरातल्या जमिनीच्या विकासाची मक्तेदारी तिच्याकडे गेली आणि खासगी बांधकाम व्यावसायिक हद्दीबाहेर सरकले. गुरुग्राम आणि नोएडा ही दिल्लीनं न स्वीकारलेली उंची आहे. मुंबईत मनोरे बांधणाऱ्या हफीझ कॉन्ट्रॅक्टर यांनाच गुरुग्रामनंही बोलावलं. दिल्लीत राजाचा नियम होता. सीमेपलीकडे नियम मोडायला वाव होता. त्याचा शेवट २८ ऑगस्ट २०२२ च्या दुपारी सगळ्या देशानं दूरचित्रवाणीवर पाहिला. नोएडातले सुपरटेकचे एपेक्स आणि सियान हे जुळे मनोरे, कुतुबमिनारपेक्षा उंच, सुमारे ३,७०० किलो स्फोटकांनी काही सेकंदांत खाली आले. शेजारच्या सोसायटीतल्या रहिवाशांनी हा लढा दिला होता. आपल्या बागेच्या जागेवर मनोरे उठताहेत आणि दोन इमारतींमधलं अंतर नियमाप्रमाणं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. अलाहाबाद उच्च न्यायालयात २०१४ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयात २०२१ मध्ये ते खरं ठरलं. पाडण्याचं काम मुंबईच्या कंपनीनं केलं. माझ्या दृष्टीनं दिल्ली परिसरातली सर्वांत महत्त्वाची उंच इमारत हीच, जी आज नाही. सामान्य घरमालकांनी वर्गणी काढून वकील दिले आणि उंचीला जाब विचारला, असं उदाहरण मुंबईत शोधूनही इतक्या स्वच्छ रूपात सापडत नाही.

मग उंच इमारत वाईटच, असं हे पुस्तक म्हणतं का? अजिबात नाही. वरळीच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोल्यांत शंभर वर्षं पिढ्या वाढल्या, संडास सार्वजनिक, दोन माणसं एका वेळी उभी राहिली तर वाट अडायची. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाळीस मजली इमारतीत पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. दिल्लीत कालकाजीला गोविंदपुरीच्या झोपडपट्टीतल्या लोकांसाठी डीडीएनं बांधलेल्या ३,०२४ घरांचं वाटप २०२२ मध्ये झालं, तेही बहुमजली इमारतींत. ही उंची मला मान्य आहे. ही इमारत पुढं चालेल का, हे मात्र पहिल्या दहा वर्षांत नाही, त्यानंतर कळतं. लिफ्टचा देखभाल खर्च कोण देणार, तिसाव्या मजल्यावर पाणी चढवणाऱ्या पंपाचं वीजबिल कसं वाटायचं, आग लागली तर काय? मुंबईच्या अग्निशमन दलाकडच्या सर्वांत उंच शिडीची पोच ९० मीटर आहे. त्याहून वर राहणाऱ्या माणसाचा भरवसा इमारतीतल्याच पंपांवर, जिन्यांवर आणि आगीत आसरा घेण्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या मजल्यावर, म्हणजे रेफ्यूज फ्लोअरवर असतो. तो मजला सामान ठेवायला वापरला जात असेल तर तो भरवसाही खोटा. म्हणून प्रत्येक जोडीच्या प्रकरणात मी उंचीच्या शेजारी या गोष्टी दिल्या आहेत : जमिनीचा आधीचा वापर, चटईक्षेत्र कोणत्या नियमानं मिळालं, घरं किती आणि कोणाची, जवळचं मैदान किती दूर, सावली कोणावर पडते.

कलकत्ता आणि मद्रास यांना या पुस्तकात थोडीच जागा मिळाली आहे, याची मला जाणीव आहे. मद्रासची आयुर्विमा महामंडळाची १९५९ ची इमारत आणि कलकत्त्यात चौरंगीवरचा ‘द फॉर्टी टू’ यांच्यावर स्वतंत्र ग्रंथ होतील. इथं ती दोन्ही शहरं मुंबई-दिल्लीची तुलना तपासून पाहण्यापुरती येतात.

माझा निष्कर्ष वाचकापासून शेवटच्या पानापर्यंत लपवून ठेवण्यात अर्थ नाही. मुंबई आणि दिल्ली यांत जिंकलेलं कोणी नाही. दिल्लीनं झाडं राखली पण ती मूठभरांच्या अंगणात राखली. मुंबईनं उंची गाठली पण ज्यांच्या श्रमानं ती जमीन मोलाची झाली त्यांना तिथून उठवलं. दोन्हीकडे चूक उंचीची नव्हती. जमीन सर्वांची आहे हे मानून नियम लिहिले गेले नाहीत, आणि जे तसे लिहिले गेले तेही पुढं बदलले गेले. गिरण्यांच्या जमिनीचा १९९१ चा नियम तसाच राहिला असता तर आज परळमध्ये मनोरेही असते आणि त्यांच्यामध्ये मैदानंही असती.

वाचकांकडे एक मागणं आहे. तुमच्या घरात गिरणीचं ओळखपत्र, चाळीची भाडेपावती, पुनर्विकासाच्या सभेचं इतिवृत्त, किंवा आता मनोरा असलेल्या जागेचा जुना फोटो असेल, तर तो रद्दीत देऊ नका. त्याच्या मागं तारीख, गल्लीचं नाव आणि फोटोतल्या माणसांची नावं लिहून ठेवा, आणि एक प्रत जवळच्या ग्रंथालयाला द्या. मनोऱ्यांचे आकडे बांधणाऱ्यांच्या माहितीपत्रकांत कायम मिळतील. त्यांच्याखालच्या जमिनीचा पुरावा फक्त तुमच्याकडे आहे.